सात नंबरची नळी

नाजमीननं पीएच.डी.साठी समुद्रातला स्पंज हा विषय घेतला, हे भडगावला घरी कळलं तेव्हा तिच्या वडिलांनी हातातला चहाचा कप खालीच ठेवला. अय्युब पिंजारी तीस वर्षं रुई पिंजत आलेला माणूस. गिरणेच्या पुलाच्या अलीकडे त्याचं दुकान होतं. गाद्या, लोड, रजया. एके काळी लग्नसराईत त्याला जेवायला फुरसत नसायची. मग बाजारात स्पंजच्या तयार गाद्या आल्या आणि त्याच्या पिंजायच्या मशीनवर आठवड्यातले चार दिवस कापड पांघरलेलं राहू लागलं.

"बेटा, दुनियेत दुसरं काही मिळालं नाही का?" तो म्हणाला. "ज्या स्पंजानं माझं मशीन बंद पाडलं, त्याच्यावर तू डॉक्टर होणार?"

हमीदा, तिची आई, स्वयंपाकघरातून हसली. नाजमीनही हसली आणि मग वडिलांजवळ बसून तिनं नीट सांगितलं, की हा तो स्पंज नव्हे. हा समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटून राहणारा जीव आहे. त्याला पाय नाहीत, दात नाहीत, काटे असले तरी ते नावाला. मासा खायला आला तर पळता येत नाही. म्हणून तो स्वतःच्या अंगात नाना तऱ्हेची रसायनं तयार करतो आणि त्यांच्या जोरावर तग धरतो. कॅरिबियन समुद्रातल्या अशाच एका स्पंजातल्या रसायनांवरून सुचलेलं औषध रक्ताच्या कॅन्सरवर आज कितीतरी वर्षं दिलं जातंय.

"म्हणजे हाडामांसाचा?" अय्युबनं विचारलं.

"हाडं नाहीत. पण जीव आहे, अब्बा."

"मग ठीक आहे," तो म्हणाला आणि कप उचलला.

नाजमीन धुळ्याच्या एका फार्मसी कॉलेजात संशोधन करत होती. तिच्या मार्गदर्शक डॉ. कामिनी बोरसे, बोलायला मोजक्या, पण विद्यार्थ्याच्या पाठीशी भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या. दोघींनी रीतसर परवानगी काढून मालवणच्या किनाऱ्याजवळून एक स्पंज आणला होता. विटकरी रंगाचा, सुजलेल्या बोटांसारखा. सुकवल्यावर तो कसाबसा पाव किलो भरला. त्याचा अर्क काढून नाजमीननं तो जळगावच्या एका प्रयोगशाळेत नेला, कारण कॅन्सरच्या पेशी वाढवायची सोय धुळ्याला नव्हती. तिथं मयुरी नावाची मुलगी पेशी सांभाळायची. लहान लेकराला दूध पाजावं तसं रोज वेळेवर त्यांचं खाद्य बदलायची. तिनं स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर तो अर्क घातला, दोन दिवस थांबली आणि मग त्यात पिवळा रंग टाकला. या परीक्षेचा नियम सोपा. पेशी जिवंत असतील तर तो पिवळा रंग जांभळा होतो. मेल्या असतील तर पिवळाच राहतो.

सगळं पिवळं राहिलं.

तिथून खरं काम सुरू झालं. अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यातला नेमका कोणता पेशी मारतो, हे शोधायचं. त्यासाठी काचेच्या उंच नळकांड्यात, म्हणजे कॉलममध्ये, पांढरी पूड भरून वरून अर्क सोडायचा. एकेक पदार्थ आपापल्या चालीनं खाली उतरतो आणि तो वेगवेगळ्या नळ्यांत धरायचा. मे महिन्यात, धुळ्याचा पारा चव्वेचाळीसवर असताना, नाजमीननं असा पहिला कॉलम चालवला. वीस नळ्या भरल्या. मयुरीनं जळगावहून फोन केला, "नाजमीनताई, एकोणीस नळ्या जांभळ्या. सात नंबरची पिवळीधमक."

त्या दिवशी नाजमीन कॉलेजच्या जिन्यात बसून रडली होती, आनंदानं.

पण सातव्या नळीतला थेंबभर पदार्थ चाचण्यांतच संपला. पाऊसकाळ शिकवण्यात आणि परीक्षांत गेला. नोव्हेंबरात तिनं दुसरा कॉलम चालवला. तीच पूड, तेवढाच अर्क, तीच चाल. वीसच्या वीस नळ्या जांभळ्या. डिसेंबरात तिसरा, जानेवारीत चौथा. तेच. नळीत पदार्थ होता, पिवळसर रंगही होता, पण पेशींना त्याचं काहीच वाटत नव्हतं. दर वेळी ती थर्माकोलचा बर्फाचा डबा मांडीवर घेऊन धुळ्याहून एसटीनं निघायची. पारोळा, एरंडोल मागे टाकत जळगावला जायची आणि चार दिवसांनी मयुरीचा तोच पडलेला आवाज ऐकायची.

फेब्रुवारीत सहामाही आढाव्याची बैठक झाली. समितीत बाहेरून आलेले एक सदस्य होते, डॉ. नवल सोनवणे. केस पांढरे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि विद्यार्थ्यांमध्ये त्यांचा दरारा असा, की त्यांचं नाव निघालं तरी लोक फायली तपासायला लागत. त्यांनी नाजमीनचं सगळं ऐकून घेतलं.

"एकदा आलं आणि पुन्हा आलं नाही," ते म्हणाले, "त्याला आम्ही निष्कर्ष म्हणत नाही. योगायोग म्हणतो. किंवा चूक."

"सर, मे महिन्यातली चाचणी तीनदा केली होती. तिन्ही वेळा तेच आलं."

"त्याच एका नळीवर तीनदा. त्या नळीत दुसरं काही पडलं असेल तर? आणि दुसरी गोष्ट, पोरी. पेशी मारायला फार अक्कल लागत नाही. डिशमध्ये फिनेल टाकलं तरी त्या मरतात. तुझा पदार्थ निरोगी पेशींना सोडतो का, हे तू पाहिलंस?"

नाजमीननं वहीत 'निरोगी पेशी' असं लिहून घेतलं. पाहायला पदार्थ उरलाच कुठे होता?

"तीन महिने देतो," सोनवणे सर म्हणाले. "मग विषय बदला."

बाहेर आल्यावर कामिनी मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "ते कडक आहेत, पण खोटं नाही बोलले. आपण काहीतरी पाहत नाही आहोत. तू पहा."

नाजमीननं पाहिलं. वही काढून मे महिन्याचं पान आणि नोव्हेंबराचं पान शेजारी शेजारी ठेवलं. पूड त्याच डब्यातली. पदार्थ विरघळवायचं द्रावक त्याच कंपनीचं. तिला वाटलं, उष्णतेमुळे असेल. म्हणून कॉलमभोवती गरम पाण्याची नळी गुंडाळून पाहिली, काही नाही. पूड भरायची पद्धत बदलून पाहिली. बाटल्या तिनंच धुतल्या. एक दिवस तर तिनं मे महिन्यात घातलेला ड्रेस घालून काम केलं आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली. दरम्यान स्पंज संपत आला होता. वजन केलं तेव्हा चौदा ग्रॅम उरला होता. नवा आणायचा तर परवानगी पावसाळ्यानंतरची.

होळी झाली. धुळ्याला ऊन कसं येतं ते धुळ्यातल्याच माणसाला ठाऊक. काल स्वेटर असतो आणि आज डांबर पायाला चिकटतं. एका सकाळी प्रयोगशाळेतला शिपाई वनाभाऊ खांद्यावर स्टूल घेऊन आला.

"ताई, आते ऊन वाढी ग्यं. कूलर बसाडी टाकू का?"

"बसवा ना, भाऊ."

प्रयोगशाळेला पश्चिमेकडे एकच मोठी खिडकी होती. तिच्याखालच्या ओट्यावर नाजमीनचा कॉलम उभा असे आणि शेजारच्या घोडीत नळ्या लावलेल्या असत. वनाभाऊनं आणि आणखी एका जणानं पत्र्याचा तो भला मोठा कूलर उचलून आणला. तो खिडकीत बसला, कडेच्या फटीत वनाभाऊनं पुठ्ठे ठोकले आणि खोलीत एकदम संध्याकाळ झाल्यासारखं झालं.

"आते दिवसा बी बठ्ठा दिवा लावना पडतीन," वनाभाऊ म्हणाला आणि सगळ्या दिव्यांची बटणं दाबली. "दर सालनं शे हाई. दिवाळीले काढस, होळीले बसाडस."

नाजमीनच्या हातातली नळी हातातच राहिली.

"काय म्हणालात, भाऊ? दिवाळीला काढता?"

"हो, ताई. थंडीमा कशाले ठेवाना?"

ती वहीकडे गेली. मे: कूलर खिडकीत. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी: कूलर माळ्यावर, आणि दुपारी दोनपासून पश्चिमेचं ऊन थेट ओट्यावर. हिवाळ्यातलं ते ऊन तिला किती आवडायचं! पाठ शेकत ती नळ्या बदलत बसायची. ऊन पाठीवर पडत होतं आणि नळ्यांवरही पडत होतं.

अख्ख्या अर्कात गडद रंगाचे पदार्थ असतात. ते आपल्या सावलीत त्या एका नाजूक पदार्थाला सांभाळत असणार. शिवाय अर्काची बाटली तपकिरी काचेची, फ्रिजमध्ये ठेवलेली. पदार्थ एकटा पडला, पारदर्शक नळीत उन्हात बसला, की तो मोडत असणार. नाजमीनला हे सगळं एका श्वासात सुचलं आणि दुसऱ्या श्वासात तिनं स्वतःला दटावलं. सुचणं वेगळं, सिद्ध होणं वेगळं.

तिनं चौदापैकी दोन ग्रॅम स्पंज घेऊन त्याचा अर्क काढला. कॉलमला फॉइल गुंडाळलं आणि कूलरच्या अंधाऱ्या बाजूला बसून तो चालवला. सातव्या नळीत आलेल्या पदार्थाचे तिनं दोन सारखे भाग केले. एक फॉइलमध्ये गुंडाळला. दुसरा तशाच काचेच्या कुपीत, तेवढाच वेळ, गच्चीवर उन्हात ठेवला. तीन तास. गरमी दोघांना सारखीच लागावी म्हणून फॉइलवाली कुपीही शेजारीच ठेवली. मग दोन्ही डब्यात घालून ती जळगावच्या बसमध्ये बसली.

मयुरीचा फोन पाचव्या दिवशी आला. नाजमीन तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत होती.

"उन्हातली जांभळी," मयुरी म्हणाली. "आणि फॉइलमधली... ताई, पिवळी! पिवळीधमक!"

समोर चाळीस मुलं उभी होती. नाजमीननं फोन ठेवला आणि जोरात म्हणाली, "पाच मिनिटं सुट्टी!" मुलांना वाटलं, मॅडमचं लग्न ठरलं.

कामिनी मॅडमच्या खोलीत ती धावतच गेली. मॅडमनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाल्या, "किती उरला आहे?"

"बारा ग्रॅम."

"थोडा लावायचा की सगळा?"

प्रश्न साधा नव्हता. शुद्ध पदार्थ मिळवायचा, त्याची रचना पाहायची, निरोगी पेशींवर तपासायचा, तर थोड्यानं भागणार नव्हतं. आणि सगळा लावला आणि काही बिनसलं, तर पावसाळ्यानंतरपर्यंत हातात काही नाही. सोनवणे सरांची मुदत मे महिन्यात संपत होती.

"सगळा," नाजमीन म्हणाली. तिला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं.

या वेळी फॉइलवर तिचा भरवसा नव्हता. ते फाटायचं, सरकायचं. आणि पदार्थ कुठवर उतरला हे पाहायचं तर सारखं उघडावं लागायचं. रविवारी ती भडगावला गेली आणि वडिलांसमोर कागदावर कॉलमचं चित्र काढलं. तीन फूट उंच, मनगटाएवढा जाड.

"अब्बा, याला काळी खोळ पाहिजे. आत सुईएवढा उजेड जायला नको. आणि मधे एक बारीक झडप, मला वाटेल तेव्हा उघडून पाहता येईल अशी."

अय्युबनं चित्र हातात घेतलं, दूर धरलं, जवळ धरलं. "लोडाची खोळ," तो म्हणाला. "उभ्या लोडाची." त्यानं काळ्या जाड कापडाचा दुहेरी थर घेतला, मधे आणखी एक अस्तर लावलं, शिवण आतून मारली आणि शिवणीवर पट्टी बसवली, म्हणजे टाक्यांच्या भोकांतूनही उजेड जाऊ नये. मग स्वतः खोळीत तोंड घालून भर दुपारी अंगणात उभा राहिला. हमीदा म्हणाली, शेजारी पाहतायत. तो आतून ओरडला, "काही दिसत नाही! पक्की झाली!"

त्या खोळीत नाजमीननं बारा ग्रॅमचा शेवटचा कॉलम चालवला. दोन दिवस ती आणि कामिनी मॅडम आळीपाळीनं तिथंच बसल्या. सातव्या नळीतला पदार्थ तिनं अंधारातच आणखी दोनदा शुद्ध केला. शेवटी कुपीच्या तळाशी फिकट पिवळे कण राहिले. चार मिलिग्रॅम. चिमटीत धरायला गेलं तर सापडणार नाही एवढे.

सोनवणे सरांना कळवलं तेव्हा त्यांनी फोनवर आनंद वगैरे काही दाखवला नाही. म्हणाले, "मी धुळ्याला येतो. कुप्या मी भरणार. त्यांवर आकडे मी टाकणार. कुठल्या कुपीत काय, ते ना तुला कळेल, ना त्या जळगावच्या मुलीला. चालेल?"

"चालेल, सर," नाजमीन म्हणाली. मनात म्हणाली, हेच पाहिजे होतं.

ते आले, दुपारभर थांबले. दार लावून एकट्यानं सहा कुप्या भरल्या, प्रत्येकीला काळं कव्हर घातलं, वर एक ते सहा आकडे टाकले. यादी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं आणि खिशात ठेवलं. जळगावला मयुरीनं त्या सहाही कुप्या दोन प्रकारच्या पेशींवर तपासल्या. एक कॅन्सरच्या, दुसऱ्या स्तनाच्याच, पण निरोगी.

निकालाच्या दिवशी जळगावच्या त्या प्रयोगशाळेत चौघं टेबलाभोवती बसले होते. मयुरीनं पाणी प्यायलं आणि कागद वाचायला घेतला.

"एक आणि सहा. दोन्ही प्रकारच्या पेशी जिवंत. काहीच परिणाम नाही."

सोनवणे सर मान न हलवता ऐकत होते.

"तीन. तसंच. चार..." मयुरी थांबली. "चारमध्ये सगळ्याच मेल्या. कॅन्सरच्याही आणि निरोगीही. एकही उरली नाही."

चारमध्ये जर तिचा पदार्थ असेल, तर तो नुसतं विष होता. तिनं कामिनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम टेबलाकडे पाहत होत्या.

"दोन आणि पाच," मयुरी पुढे म्हणाली, आणि आता तिचा आवाज चढत गेला. "कॅन्सरच्या पेशी शंभरातल्या बारा जिवंत. निरोगी पेशी शंभरातल्या एक्याऐंशी जिवंत. दोन्ही कुप्यांत जवळजवळ तेच आकडे."

सोनवणे सरांनी खिशातून पाकीट काढलं, फाडलं आणि यादी स्वतः न वाचता नाजमीनच्या पुढ्यात सरकवली. "वाच. मोठ्यानं."

"एक: नुसतं द्रावक," नाजमीन वाचू लागली. "दोन..." अक्षरं डोळ्यांपुढे हलली. "दोन: नाजमीनचा पदार्थ. तीन: तोच, उन्हात ठेवलेला. चार..." ती हसायलाच लागली. "चार: फिनेल?"

"मग!" सर म्हणाले. "तुमची परीक्षा विष ओळखते का, ते नको पाहायला? पुढे वाच."

"पाच: नाजमीनचा पदार्थ. सहा: द्रावक."

मयुरीनं टाळी वाजवली आणि मग थांबलीच नाही. कामिनी मॅडमनी नाजमीनला जवळ ओढलं. तीन वर्षांत एकदाही त्यांनी असं केलं नव्हतं. सोनवणे सर उठले. त्यांनी नाजमीनपुढे हात केला आणि ती हात मिळवेपर्यंत तो तसाच धरून ठेवला.

"मी फेब्रुवारीत योगायोग म्हणालो होतो," ते म्हणाले. "ते शब्द मागे घेतो. पुढच्या बैठकीत लेखी मागे घेईन."

त्यानंतरचं काम लांबलचक होतं, पण आता ते सरळ चाललं. पदार्थाची रचना तपासली; तो आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. पावसाळ्यानंतर पुन्हा परवानगी घेऊन नवा स्पंज आणला, तर त्यातूनही सातव्या नळीत तोच पदार्थ आला. एकदा नाही, पाच वेळा. तिचा शोधनिबंध परीक्षकांनी दोनदा उलटसुलट तपासला आणि छापला. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेनं पुढच्या चाचण्यांसाठी तिच्याकडून नमुना मागवला.

खुली तोंडी परीक्षा जळगावला झाली. सभागृहात प्राध्यापक होते, विद्यार्थी होते, आणि तिसऱ्या रांगेत इस्त्रीचा पांढरा कुर्ता घातलेला अय्युब, शेजारी हमीदा, तिच्या शेजारी धुळ्याहून मुद्दाम आलेला वनाभाऊ. नाजमीननं आपलं काम मांडलं. तो पदार्थ उजेडापासून कसा वाचवला हे सांगताना पडद्यावर काळ्या खोळीचा फोटो आला तेव्हा अय्युबनं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. शेजारी कुठल्या तरी कॉलेजचे प्राचार्य होते.

परीक्षकांचे प्रश्न झाले. अध्यक्ष म्हणाले, सभागृहातून कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. अय्युब उभा राहिला. हमीदानं त्याचा कुर्ता ओढला, पण तो आता बसणार नव्हता. घाबरला की तोंडात दुकानातली भाषा यायची, तशीच आली.

"मना एक सवाल शे. हाई दवा लोकेस्ले कव्हय भेटी?"

ही दवा लोकांना कधी मिळणार? सभागृहात कुणी हसलं नाही. सगळ्यांनाच ते विचारायचं होतं.

नाजमीननं माइक जवळ ओढला. खोटी आशा दाखवणं सोपं होतं. आणि समोर बाप होता.

"ही अजून दवा नाही," ती म्हणाली. "काचेच्या ताटलीत हा पदार्थ कॅन्सरच्या पेशी मारतो आणि निरोगी पेशींपैकी बहुतेकांना सोडतो, एवढंच आम्ही दाखवलं आहे. पुढे प्राण्यांवर पाहावं लागेल, मग माणसांवर. दहा-बारा वर्षं लागतील. कदाचित मधेच तो अपुरा ठरेल. असे पुष्कळ ठरतात. पण कालपर्यंत हा पदार्थ आहे हेसुद्धा जगात कुणाला माहीत नव्हतं. आज माहीत आहे. तो कसा सांभाळायचा तेही माहीत आहे. आणि पुढचा माणूस आता इथून पुढे जाईल, शून्यापासून नाही."

अय्युबनं ऐकून घेतलं. दोन्ही हात जोडले, म्हणाला, "बरोबर शे," आणि बसला.

परीक्षक आत गेले आणि दहा मिनिटांनी बाहेर आले. अध्यक्षांनी कागद हातात धरला, घसा साफ केला आणि नाजमीन अय्युब पिंजारी यांना पीएच.डी. पदवी देण्याची शिफारस एकमतानं करत असल्याचं जाहीर केलं. पहिली टाळी सोनवणे सरांची होती. मग सभागृह उठलं. वनाभाऊ तोंडभर हसत होता, मयुरी शिट्टी मारू की नको या विचारात होती आणि तिनं शेवटी मारली. हमीदा गर्दीतून वाट काढत पुढे आली. तिनं लेकीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तसंच धरून ठेवलं, माणसं अभिनंदन करायला भोवती उभी होती तरी.